दक्षिणेकडची बाजू

सोमवार, १२ मार्च १९८४

जुनी घरं तपासायला आमच्या ऑफिसकडे नव्या गावांची यादी आली. चौदा गावं आहेत. अकराव्या ओळीत स्केलबेक.

ज्या घराशी आपला काही संबंध असेल ते घर आपण तपासायचं नाही, असा नियम आहे. वरिष्ठांना सांगायचं, दुसरं कुणीतरी जातं. पिमसाहेबांनी सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, काही अडचण आहे का म्हणून. मी नाही म्हटलं. इतकं सरळ खोटं मी त्यांच्याशी सहा वर्षांत बोलले नव्हते.

इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे मलाच शंका यायला नको. स्केलबेक हॉलमध्ये माझे वडील विल्फ हार्कर एकोणीस वर्षं पाथरवट होते. मी अकरा वर्षांची असताना, १९५२च्या नोव्हेंबरात, वाऱ्यानं पश्चिमेचं धुराडं छप्पर फोडून आत कोसळलं. खाली ऑलिव्ह पीकॉक भांडी पुसत होती. एकोणीस वर्षांची. ती जागीच गेली. चौकशीत धाकट्या मालकानं, जर्व्हिस फेअरबँकनं, बायबलवर हात ठेवून सांगितलं की मी हार्करला धुराडं उतरवून नव्यानं बांधायला सांगितलं होतं, त्यानंच चालढकल केली. वडील म्हणाले की उलट मीच तीनदा सांगितलं, तीनदा कामाच्या वहीत लिहिलं. वही मागवली. वही सापडत नाही असं उत्तर आलं.

आठ दिवसांत आम्हाला घर सोडावं लागलं, कारण घर मालकांचं होतं. पाथरवट म्हणून खोऱ्यात त्यांना पुन्हा कुणी उभं केलं नाही. ते खाणीवर दगड फोडायला गेले, छातीत धूळ साठली आणि एकसष्ट साली गेले. शेवटच्या आठवड्यात धाप लागलेली असतानाही ते एवढंच म्हणत होते, "वहीत लिहिलंय."

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

मंगळवार, २० मार्च

आज स्केलबेकला गेले.

जर्व्हिस फेअरबँकनं मला ओळखलं नाही. या खोऱ्यात हार्कर आडनावाची माणसं ढिगानं आहेत. मी शेवटची त्याच्यासमोर उभी होते तेव्हा मला दोन वेण्या होत्या. आता तो अठ्ठावन्नचा आहे, पोट सुटलंय, एका गुडघ्यात लंगडतो. दिवाणखान्यात त्याचा दंडाधिकाऱ्याच्या खुर्चीतला फोटो आहे. म्हणजे दर पंधरवड्याला हा माणूस इतरांच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करतो.

त्यानं दहा मिनिटं दिली. घर हॉटेलवाल्यांना विकायचं ठरलंय. दक्षिणेकडची बाजू पाडून तिथे ते चाळीस खोल्या आणि पोहण्याचा तलाव करणार आहेत. "तेव्हा बाई, साधंसं काहीतरी लिहा," तो हसून म्हणाला. "घर जुनं आहे, थंड आहे, गळतं. सगळं खरंच आहे."

जपायच्या जुन्या घरांच्या सरकारी यादीत साध्या दर्जानं घर लागलं तर हॉटेलवाल्यांना फारसं अडत नाही. वरच्या दर्जानं लागलं तर परवानगीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही, आणि परवानगी मिळत नाही.

मी पश्चिमेकडच्या छपराकडे बोट दाखवलं. तिथल्या दगडी पाट्यांचा रंग वेगळा आहे. विचारलं, इथे काय झालं होतं? तो म्हणाला, धुराडं होतं, वादळात पडलं. कुणाला लागलं का, असं मी विचारलं.

"फारसं नाही," तो म्हणाला.

मी वहीत मान घालून पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न काय होता ते आता आठवत नाही.

घर त्याच्या थोरल्या बहिणीनं दाखवलं. मिस कॉन्स्टन्स, पासष्टीची, लग्न न केलेली, काठीसारखी ताठ. लहानपणी चर्चमध्ये मी तिची फक्त टोपी पाहिलेली. ती एक शब्द जास्तीचा बोलत नाही. मी लिहीत असताना ती माझ्या हाताकडे टक लावून पाहत होती. या बाईला पेन्सिल तरी नीट धरता येते का, असं वाटलं असेल. ही माणसं बदलायची नाहीत. निघताना म्हणाली, "दक्षिणेकडची बाजू पाहिल्याशिवाय अहवाल लिहू नका. किल्ली मागच्या दाराच्या कोनाड्यात असते. मला विचारायची गरज नाही."

शुक्रवार, २३ मार्च

दिवसभर दक्षिणेकडच्या बाजूत होते. हात गारठले, जेवण राहिलं, आणि मी लहान मुलीसारखी खूश आहे.

घराचं समोरचं अंग १७९०च्या सुमाराचं. उंच खिडक्या, सरळ रेषा, नाकासमोर चालणारं. त्यात काही विशेष नाही, पिमसाहेब एका ओळीत उडवतील. मधला भाग जुना आहे, चार फुटी भिंती आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी आतून पार खरवडलेला. एवढ्यावर घर साध्या दर्जातच राहिलं असतं.

पण दक्षिणेकडची बाजू! लांबच लांब बुटक्या खिडक्या, प्रत्येकीत दगडाचे पाच उभे दांडे, दांड्यांच्या कडा आत वळवलेल्या. वर पावसाचं पाणी काचेपासून लांब टाकणारी दगडी पापणी. कोपऱ्याचे दगड एक लांब, एक आखूड, वरपर्यंत चुकलेले नाहीत. छपराच्या पाट्या वळचणीला टेबलाएवढ्या आणि आढ्याकडे जाताना लहान होत होत तळहाताएवढ्या. आत आख्खा बैल भाजता येईल अशी चूल, तिच्यावर एकाच दगडाची कमान. १६२०च्या आसपासचं काम आहे, आणि इतकं धड राहिलेलं काम मी या खोऱ्यात दुसरं पाहिलेलं नाही.

एवढ्या एका बाजूच्या जोरावर घर वरच्या दर्जात जातं. मला एक अक्षर खोटं लिहावं लागणार नाही. विकता येणार नाही, पाडता येणार नाही. त्या गळक्या थंड घरात, ऑलिव्ह मेली त्या खोलीच्या शेजारी, त्याला मरेपर्यंत राहावं लागेल.

बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते. समोरच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

गुरुवार, २९ मार्च

मोजमापं पुरी करायला परत गेले. ऊन तिरपं पडलं होतं. तिरप्या उन्हात दगडावरचे टाकीचे घाव केसासारखे मोजता येतात.

घाव उलटे कलले होते.

उजव्या हाताचा पाथरवट टाकी मारतो तेव्हा घाव वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात. इथे एकूण एक दांड्यावर ते डावीकडून उजवीकडे उतरत होते. एखादा माणूस डावखुरा असू शकतो. पण दोन वर्षांचं काम आणि बारा खिडक्यांचे साठ दांडे, सगळे एकाच डावखुऱ्या माणसाचे? साडेतीनशे वर्षांपूर्वी असं काम टोळीनं व्हायचं.

मग मी जिन्याखालच्या खिडकीच्या उंबऱ्याखाली हात घातला. बोटांना तीन रेघा लागल्या. दोन उभ्या, एक आडवी, आणि आडवीचं एक टोक खाली वळलेलं. आमच्या घरचा पाटा आहे, आई अजून त्यावर सुऱ्यांना धार लावते. त्याच्या पाठीवर ह्याच तीन रेघा आहेत. पाटा वडिलांनी केला होता.

माझे वडील डावखुरे होते. मीही आहे.

शनिवार, ३१ मार्च

आईला सांगावं लागलं. ती वाटाणे सोलत होती. ती थांबली नाही.

"तुला काय वाटलं," ती म्हणाली, "ते काम भुतांनी केलं?"

मग बोलली. जुनी बाजू छत्तीस साली जळाली. थोरल्या मालकांना ती होती तशी परत हवी होती, पण लोकांना कळता कामा नये की नवी आहे. कुठे नकाशा दिला नाही, कुठे नोंद केली नाही. वडिलांनी जळलेले दगड निवडून घेतले, उरलेले नवे घडवले, दोन वर्षं. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नव्हता. "आणि दगड जुने दिसावेत म्हणून वर शेणाचं पाणी फासायचा. शेवाळं यावं म्हणून. घरी आला की मी त्याला अंगणातच उभा करायचे, आधी बादली, मग बायको." ती हसायला लागली. वडिलांबद्दल बोलताना ती हसते हे मी विसरले होते.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू फक्त त्या धुराड्याचंच विचारायचीस."

बुधवार, ४ एप्रिल

खरं लिहायचं तर असं लिहावं लागेल: दक्षिणेकडची बाजू, १९३७–३८, जुन्या धर्तीचं नवं बांधकाम. झालं. घर साध्या दर्जात, हॉटेल पक्कं, आणि वडिलांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम उन्हाळ्यात यंत्रानं पाडलं जाणार. पाडणार तोच.

खोटं लिहायचं तर 'सुमारे १६२०'. दोनच शब्द. जो माणूस आयुष्यभर खोट्याचा धनी ठरला त्याचं काम वाचवायला त्याच्या मुलीनं खोटं लिहायचं. हे मला दिसत नाही असं नाही.

पण मला आणखीही एक दिसतंय. ही बाजू नवी आहे हे जर्व्हिसला माहीत आहे, तो तेव्हा बारा वर्षांचा होता. माझं लिहिणं खोडायचं तर त्याला पुरावा द्यावा लागेल. पुरावा एकच, कामाची वही. वडील तिच्यात दर शनिवारी लिहायचे, तेहतीसपासून बावन्नपर्यंत. अडतीसची पानं दाखवायची तर वही बाहेर काढावी लागेल, आणि वही बाहेर आली की बावन्नची पानंही आली.

त्यानं वही जाळली असेल तर तो त्या घरात अडकला. ठेवली असेल तर तिच्यात अडकला.

इतकं घट्ट बसणारं काही मी आजवर केलं नव्हतं. वडील असते तर म्हणाले असते, सांध्यात सुरी जात नाही.

शुक्रवार, १३ एप्रिल

लिहिलं. सुमारे १६२०. वरच्या दर्जाची शिफारस. विक्री तोंडावर आहे म्हणून तातडीचा शेरा मारला.

पिमसाहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "मिस हार्कर, दगडाबद्दल इतक्या मायेनं लिहिलेलं मी वाचलेलं नाही." मी म्हटलं, काम चांगलं आहे.

हे तरी खरं होतं.

गुरुवार, २४ मे

हॉटेलवाल्यांनी माघार घेतली. गेल्या आठवड्यात घर यादीत लागलं आणि आज बातमी आली. मी बेकरीतून चार मनुकांचे केक आणले. आईनं विचारलं, कुणाचा वाढदिवस? मी म्हटलं, कुणाचा नाही. तिनं केक खाल्ला, पण माझ्याकडे बघत खाल्ला.

शनिवार, ९ जून

तो आज इथे आला होता. आमच्या घरी.

मी दार उघडलं. बत्तीस वर्षांपूर्वी तो आमच्या दारात असाच उभा होता, टोपी हातात न घेता, घर कधी सोडणार म्हणून विचारायला. या वेळी टोपी हातात होती.

"तुम्ही विल्फची मुलगी," तो म्हणाला. "ऑफिसातून माहिती काढली. मी गाढव आहे, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

मी त्याला आत घेतलं. पण बस म्हटलं नाही. तो लंगडत्या पायावर उभा राहिला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

तो म्हणाला की ती बाजू माझ्या वडिलांनी बांधली, हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आणि माझं हे लिहिणं त्याला रस्त्यावर आणणार आहे. छप्पर दुरुस्त करायची त्याची ऐपत नाही. बहीण म्हातारी झालीय. मी शांतपणे विचारलं की पुरावा काय. ऑफिसात अर्ज करा, पुरावा जोडा, दुरुस्ती होईल. आमच्याकडे तशी सोय आहे.

"पुरावा वहीत आहे," तो म्हणाला आणि थांबला.

"वही सापडत नाही ना?" मी म्हटलं. "चौकशीत तसं सांगितलं होतं."

त्याचा चेहरा पाहण्यासाठी मी बत्तीस वर्षं थांबले होते. तो पांढरा वगैरे पडला नाही. थकला फक्त. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मी सव्वीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "वडील जाऊन सहा महिने झाले होते. ती मुलगी तशी पडलेली मी पाहिली होती. मी घाबरलो होतो."

"माझे वडील पंचेचाळीसचे होते. तेही घाबरले होते. त्यांनी खोटं सांगितलं नाही."

"तो मला टाकी कशी धरायची ते शिकवायचा," तो म्हणाला. हे त्यानं मला का सांगावं, कळलं नाही. दया यावी म्हणून असेल.

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. मालकांच्या घरातल्या कुणालाही तिनं आयुष्यभर नावानं हाक मारली नव्हती. आज म्हणाली, "जर्व्हिस, बस. पाय दुखतोय तुझा." तो बसला. त्यानं चहा घेतला. जाताना तो आईला थँक्यू म्हणाला, आणि ती म्हणाली, "ऑलिव्हची आई गेली तेव्हा तू नव्हतास रे कबरीवर. यायला हवं होतंस."

तो गेल्यावर मी आईवर ओरडले. त्याला चहा कशाला दिलास? ती कप विसळत म्हणाली, "तू त्याला उभा ठेवलास, मी बसवलं. दोघींनी आपापलं केलं."

गुरुवार, ५ जुलै

दुपारी ऑफिसात मिस कॉन्स्टन्स आली. तीन बस बदलून आली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही.

मी ती हातात घेतली तेव्हा मला आधी वास आला. चुन्याचा. कदाचित मीच कल्पना केली.

तिनं सांगितलं ते सरळ लिहिते. वही जळाली नव्हती. जर्व्हिसला ती जाळायचा धीर झाला नाही. त्यानं ती कचेरीच्या कपाटात कुलपात ठेवली. गेल्या सोमवारी ती बाहेर काढून तो पाती घेऊन बसला होता. बावन्नची पानं कापायची आणि उरलेली वही अर्जाला जोडायची. बहीण दारात उभी असलेली पाहून त्यानं वही परत ठेवली. दुसऱ्या दिवशी तो गावात गेला तेव्हा तिनं ती घेतली.

"कपाटाची किल्ली कुठे असते ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही.

मी तिला काय काय म्हणायचं ठरवलं असतं, ती समोर येईल असं माहीत असतं तर. मला एवढंच सुचलं, "तुम्ही माझ्या वडिलांना घर सोडताना खिडकीतून पाहत होता."

"पाहत होते. भाऊ एकच होता आणि घर एकच होतं, मी दोन्ही राखलं. तुम्हाला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. विल्फही असंच मनगट वळवून लिहायचा. म्हणून किल्लीची जागा सांगितली. मला वाटलं, हिला ती बाजू दिसली तर ही ते घर विकू देणार नाही." मग ती पिशवीची घडी घालत म्हणाली, "तुम्ही मला वाटलं त्याहून जास्त केलंत. सोळाशे वीस. विल्फ हसला असता."

म्हणजे इतके दिवस मी तिच्या हातानं चालत होते. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

वहीचं काय करायचं, हे तिनं सांगितलं नाही. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती, तिला ते माहीत असावं. बसची वेळ झाली म्हणून उठली.

त्याच दिवशी, पुढे

नोंदी सापडल्या.

९ ऑगस्ट १९५२. पश्चिमेचं धुराडं दोन इंच ओळंब्याबाहेर. उतरवायला हवं. मालकांना सांगितलं.

१३ सप्टेंबर. धुराडं तीन इंच. पुन्हा सांगितलं.

१८ ऑक्टोबर. धुराड्याखाली कुणी काम करू नये. लेखी देतो आहे. — आणि खाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हातानं: सिमेंट भरा. उतरवायचं नाही. जे. एफ.

तीनदा. ते म्हणत होते तसं, तीनदा.

रविवार, ८ जुलै

तीन दिवस वही कपाटात होती आणि मी कपाटाभोवती.

ही वही दिली की वडील निर्दोष ठरतात. ही वही दिली की 'सुमारे १६२०' खोटं ठरतं, माझी नोकरी जाते, दर्जा उतरतो आणि जर्व्हिसला ती बाजू पाडायला मोकळीक मिळते. त्याच्यासाठी लावलेल्या सापळ्यात मीच पाय घालून बसलेय.

मग आज सकाळी मला मार्ग सुचला. सदतीस-अडतीसची पानं कापायची. फक्त तेवढीच. बावन्नची पुढे करायची. तो बदनाम होतो आणि घरही अडकतं. दोन्ही. मी वडिलांची जुनी पाती आणली, वही टेबलावर उघडली आणि पट्टी लावली.

आई दारात होती. तिला आता वाचता येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. "काय आहे ते?" म्हणाली. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, सोळाशे वीससकट.

ती येऊन बसली. "वाच."

मी बावन्नची तीन पानं वाचली. तिनं मान हलवली, एकदाच. मला वाटलं होतं ती रडेल. "हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "जी कापतेयस ती वाच."

तर वाचली. १५ मे १९३७. तिसरा दांडा फुटला, दगडात शीर होती. दोष माझा, आवाज ऐकायला हवा होता. २ ऑक्टोबर. चुलीची कमान बसली. एका दगडात. दिवसभर कुणाशी बोललो नाही. ४ डिसेंबर. पाऊस. आत बसून पाट्या निवडल्या. एडा डबा घेऊन आली, तिला आढ्यावर नेलं, खोरं दाखवलं. १२ मार्च १९३८. जुन्या माणसांपेक्षा वाईट झालेलं नाही असं वाटतं.

एडा म्हणजे आई. मी वाचत गेले, दुपार गेली. अठ्ठ्याऐंशी शनिवार होते. आई मधे मधे म्हणत होती, हे परत वाच.

शेवटी तिनं टेबलावर हात फिरवून पाती शोधली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"त्या तीन पानांत तो खरा आहे," ती म्हणाली. "पण या पानांत तो सुखात आहे गं. तू कुठली कापणार?"

मंगळवार, १० जुलै

आख्खी वही पिमसाहेबांपुढे ठेवली. शेजारी नवं वर्णन ठेवलं: दक्षिणेकडची बाजू, १९३७–३८, पाथरवट विल्फ्रेड हार्कर. आणि राजीनामा.

ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "तुमचं पहिलं वर्णन मी नव्या लोकांना नमुना म्हणून वाटलं होतं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २७ जुलै

साप्ताहिकानं १८ ऑक्टोबरचं पान जसंच्या तसं छापलं, दोन्ही शायांसकट. ऑलिव्हचा भाऊ आमच्याकडे आला, दारातच उभं राहून आईचा हात धरून राहिला. बत्तीस वर्षं तो आमच्याशी बोलला नव्हता.

जर्व्हिसनं दंडाधिकाऱ्याचं पद सोडलं. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं. पुढे काय होणार ते कुणाला माहीत नाही. मिस कॉन्स्टन्स किनाऱ्यावरच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात गेली म्हणतात. मला समाधान वाटतं का? वाटतं. सकाळी उठल्यावर वाटतं, दुपारपर्यंत टिकतं.

गुरुवार, १३ सप्टेंबर

अपेक्षेप्रमाणे दर्जा उतरला. हॉटेलवाले परत आले. ती बाजू पाडायला खोऱ्यातला एकही माणूस तयार झाला नाही. ऑलिव्हच्या भावानं, पीकॉकनं, सगळ्यांकडे फिरून सांगितलं म्हणतात, की ज्याला हार्करच्या भिंतीला पहार लावायची त्यानं आधी माझ्याशी बोलावं. शेवटी ब्रॅडफर्डची टोळी ठरवली. तीन दिवसांचं काम धरलंय त्यांनी.

सोमवार, ८ ऑक्टोबर

आज अकरावा दिवस. मी रोज जाते. रस्ता सार्वजनिक आहे, तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. आई आज पहिल्यांदा सोबत आली, मागून आणलेल्या गाडीत बसली, काच खाली करून. लांबचं दिसत नाही तर येतेस कशाला, असं मी म्हटलं. "ऐकायला," ती म्हणाली. "बांधायला दोन वर्षं लागली. बघू यांना किती लागतात."

वरच्या मजल्याच्या खिडकीत जर्व्हिस उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो आत जाईपर्यंत. त्याला उशीर लागला.

यंत्र आजही उभंच होतं. पहिल्याच दिवशी त्याचा गोळा भिंतीवर आपटून परत आला होता. भिंतीत दर दोन हातांवर आरपार दगड घातलेत, दोन्ही अंगं एकमेकांना धरून आहेत. त्यामुळे त्यांना वरून एकेक दगड सोडवावा लागतोय. बसवला होता तसाच, उलट्या क्रमानं.

दुपारी मुकादम आमच्या बाजूला आला. जाडजूड माणूस, भुवयांवर चुना. आम्ही घराची माणसं आहोत का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला की पंचवीस वर्षं हेच काम करतोय, पण दगड फोडायला मन होत नाही असं पहिल्यांदाच झालं. सगळे नंबर घालून रचून ठेवलेत, इकडे कुणी तरी घेईल. विकताना सांगायला हवं, काम कुणाचं म्हणून. घरातलं कुणी नीट सांगत नाही. "तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी नाव सांगितलं. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, हातातल्या फळीवर लिहायला लागला आणि आडनावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. त्याला दोनदा विचारावं लागलं.

गाडीतून आई म्हणाली, "आणि विल्फ नको. विल्फ्रेड लिही."

त्यानं विल्फ खोडलं आणि विल्फ्रेड लिहिलं.